बाल्कनीच्या दाराची मूठ

सिरसाळा, सोमवार, २६ मे २०२५

रुद्राणी,

फोन करू नकोस, असे दोन वर्षांपूर्वी, तू जहाजावर एसीच्या नोकरीला निघालीस तेव्हा, मीच तुला म्हणालो होतो. माझी कोणतीही सूचना तू अर्धवट पाळत नाहीस, त्यामुळे तुझ्या फोनवर माझा क्रमांक आजही बंद आहे. म्हणून हे हाताने लिहितो आहे. तुझी आई पानांचे फोटो काढून तिच्या फोनवरून तुला पाठवील. आपण वाचणार नाही, असे ती म्हणाली आहे, पण वाचेल.

काल तू आईला जे सांगितलेस, ते तिने मला तीन वेळा तीन निराळ्या क्रमांनी सांगितले. मी ते जुळवून खाली मांडतो. चुकत असेन तर दुरुस्त कर.

शनिवारी तुमचे जहाज ग्रीसच्या बंदराला लागलेले होते आणि बहुतेक प्रवासी उतरून गावात गेले होते. आठव्या मजल्यावरच्या एका केबिनमध्ये गार हवा येत नाही, अशी तक्रार तिथल्या आजींच्या मुलाने उतरता उतरता नोंदवली. सव्वाबारा वाजता तू गेलीस. दार वाजवलेस, उत्तर आले नाही, म्हणून कंपनीच्या कार्डाने उघडलेस. केबिन रिकामी दिसली. बाल्कनीचे दार बोटभर उघडे होते. तू ते लोटलेस, मूठ खाली केलीस, गार हवा सुरू झाली. सहा मिनिटे तापमान तपासलेस, काम झाल्याची चिठ्ठी लिहिलीस आणि निघालीस. एकोणऐंशी वर्षांच्या त्या आजी अर्ध्या ओढलेल्या पडद्यापलीकडे, बाल्कनीतल्या खुर्चीवर झोपलेल्या होत्या. ते दार बाहेरून उघडत नाही. आजूबाजूच्या केबिनी रिकाम्या. मुलगा चार वाजता परतला. आजी आता त्या बंदराच्या रुग्णालयात बेशुद्ध आहेत. येत्या शुक्रवारी जहाजावर तुझी चौकशी आहे, आणि दोष तुझा ठरला तर शनिवारी जहाज पुन्हा त्याच बंदरात पोहोचल्यावर तुला तिथल्या पोलिसांच्या ताब्यात दिले जाईल.

इतके लिहायला मला दोन कागद फाडावे लागले. आता दाराकडे वळू.

तीस वर्षे मी मुलांना वातानुकूलन शिकवले, पण जहाजाच्या केबिनीचा असा विचार कधी केला नव्हता. काल दिवसभर वाचले आणि खरे सांगतो, थक्क झालो. आपल्याकडे मे महिन्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो; समुद्रावर तर हवा पाण्याने जडच असते. दार उघडे ठेवले की ती हवा आत येऊन गार नळ्यांना भिडते आणि छतातून पाणी ठिबकू लागते. म्हणून दाराच्या कडेत एक लहान चुंबक आणि चौकटीत त्याला ओळखणारा एक स्विच बसवतात. दार उघडले की गार हवा आपोआप थांबते. तुझ्या जहाजावर आणखी एक पायरी आहे, कारण तिथला स्विच मुठीला जोडलेला आहे. नुसते दार लोटून भागत नाही. मूठ पूर्ण खाली गेली, जाडजूड रबरावर दार आवळले गेले, तरच यंत्राला दार बंद झाल्याचे कळते. आणि वारा दार उघडून आपटू नये, लहान मुलांनी बाहेरून खेळू नये, म्हणून ही मूठ फक्त आतल्या बाजूला असते. प्रत्येक भागामागे कारण आहे. प्रत्येक कारण योग्य आहे. तरीही एक माणूस बाहेर राहिले.

याचाच अर्थ असा की दोष रचनेत आहे, आणि शुक्रवारी तू त्याच्यावर बोट ठेवले पाहिजेस. दार इतके जड, जहाजाला इंजिनांची सततची थरथर. अशा ठिकाणी अर्धवट वर असलेली मूठ वजनाने आपोआप खाली येऊ शकते. अशक्य नाही. मूठ तू खाली केलीस, असे तू आईला म्हणालीस. ते आईपुरते ठीक आहे. चौकशीत म्हणायचे असे: मी दार लोटले, यंत्र सुरू झालेले पाहिले, मुठीचे मला नक्की आठवत नाही. यात खोटे काही नाही. घाईच्या कामात हाताने काय केले ते कोणालाच नक्की आठवत नसते.

मुठीची आकृती मागच्या पानावर काढली आहे. बाणांच्या दिशा नीट पाहा.

अप्पा


सिरसाळा, मंगळवार, २७ मे

रुद्राणी,

पत्र तू वाचलेस, हे निळ्या खुणांवरून कळले. त्यानंतर आईला तुझा आठ सेकंदांचा आवाज आला. तो तिने मला मुद्दाम मोठ्याने ऐकवला: "अप्पांना सांग, मूठ मीच खाली केली. मला नीट आठवतं."

तुझ्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. स्मरणाविषयी आहे. माणूस धक्क्यात असला की न केलेलेही आपणच केले, असे त्याला वाटू लागते.

तुझ्या आईला हे पटलेले नाही. चहाची कपबशी माझ्यापुढे आपटून ती म्हणाली, "पोरगी म्हणती मी केली. तुमी म्हणता आपोआप पडली. मूठ हाय का आंबा हाय ओ?"

मी तिला शांतपणे थरथर आणि वजन यांचा संबंध समजावून सांगितला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग म्हणाली, "त्या म्हातारीचं काय झालं, ते इचारलं का तुमी पोरीला? एक अक्षर हाय का पत्रात?"

नव्हते. ते आता विचारतो. आजींची प्रकृती कशी आहे? त्यांचे नाव काय? आई म्हणते की तू त्यांना ओळखत होतीस; केबिनमध्ये गुदमरते म्हणून त्या रोज दार उघडे ठेवीत, आणि त्यामुळे आठवड्यात तीनदा त्यांच्या खोलीत तुला जावे लागले होते. तसे असेल तर हेही चौकशीत सांग. दार उघडे ठेवण्याची त्यांची सवय हा आपल्या बाजूचा मुद्दा आहे.

उद्या मी हे प्रत्यक्ष करून पाहणार आहे. माझा जुना विद्यार्थी पंडित तुला आठवत असेल. चौसाळ्याला हायवेवर एक नवे हॉटेल झाले आहे, तिथल्या एसींची देखभाल तो करतो. वरच्या मजल्याच्या खोल्यांना बाल्कनी आहे, दोन काचांचे जाड दार आहे आणि मूठ फक्त आतून आहे. फोन केला तर म्हणाला, "सर, तुमी रिटायर झालात का न्हाई अजून? या, खोली रिकामीच हाय. पण कावून एवढ्या उन्हात?" कारण मी सांगितले नाही. जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीसाठी एक चाचणी करायची आहे, एवढेच सांगितले. माझी मुलगी, हे शब्द मी बाहेरच्या माणसापाशी दोन वर्षांनी उच्चारले.

मूठ अर्धी वर ठेवायची, दाराला हादरे द्यायचे आणि ती पडते का ते पाहायचे. पडली तर त्याचा व्हिडिओ काढून पाठवतो. शुक्रवारपूर्वी तुझ्या हातात पुरावा असेल.

अप्पा


सिरसाळा, गुरुवार, २९ मे

रुद्राणी,

हे पत्र आधीच्या दोन्ही पत्रांच्या विरुद्ध आहे. ती रद्द समज. क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

काल सकाळी बीडला एसटी बदलून आम्ही चौसाळ्याला पोहोचलो. आई हट्टाने बरोबर आली. पंडितने खोली उघडून दिली आणि तो खालच्या मजल्यावर कामाला गेला. पहिला तासभर मी मुठीला हादरे देत होतो. रबरी हातोडीने चौकट ठोकली, दार आपटले, मुठीला वजन बांधले. मूठ पडली नाही. एकदाही नाही. अर्ध्यावर ठेवली की ती अर्ध्यावरच राहते; तिच्या आत स्प्रिंग असते आणि ती कशासाठी असते हे मी तीस वर्षे फळ्यावर काढून दाखवत आलो आहे. सोमवारी ते मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकत नाही.

मग दुसरी चाचणी करायचे ठरवले. आतल्या माणसाला बाहेरच्याचा आवाज येत नाही, हे सिद्ध झाले तर तेही तुझ्या बाजूने जाईल, असे वाटले. आईला बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले. दर मिनिटाला तिने हाक मारायची आणि ऐकू आली की नाही हे मी वहीत लिहायचे, असे ठरले. बसता बसता ती म्हणाली, "जन्मात पयल्यांदा हॉटेलात आणलं, ते बी भायेर कोंडायला." आम्ही दोघे हसलो. मी दार लोटले, मूठ खाली केली, एसी सुरू केला. बाहेर एक्केचाळीस अंश होते.

पहिल्या तीन मिनिटांपुढे वहीत लिहिले आहे: आवाज नाही, आवाज नाही, आवाज नाही. त्यानंतर त्या रकान्यात काही नाही. शेजारच्या रकान्यात मात्र प्रत्येक मिनिटाचे तापमान आहे, दशांशासह. खोली ज्या वेगाने गार होत होती, तो वेग अपेक्षेपेक्षा चांगला होता. मी जाळीजवळ हात धरला, मग थर्मामीटर धरला, मग तापमानाचा आलेख काढू लागलो. पंडित उसाच्या रसाचे तीन ग्लास घेऊन वर आला. सगळ्या खोलीवर नजर फिरवून म्हणाला, "सर, काकू कुठं हायत?"

चौदा मिनिटे झाली होती.

आई खुर्चीवर नव्हती. भिंतीलगत जेमतेम वीतभर सावली होती, तिच्यात पदर डोक्यावर ओढून, पाय पोटाशी घेऊन उकिडवी बसली होती. दार पंडितने उघडले. मला मूठ सापडेना. ती दोन तांबे पाणी प्यायली. नंतर म्हणाली, "हाका मारून घसा बसला. चपलीनं काच बडवली. तुमी पाठ करून हुबे. एकदा तर तोंड हिकडं केलतं तुमी, पर बघितलं न्हाई. मशिनीकडंच बघत होता."

तुझी आई तिथे आहे, हे मला ठाऊक होते, रुद्राणी. तिला मीच बसवले होते. तुला तर ठाऊकही नव्हते.

येताना एसटीत आई खिडकीला डोके टेकून झोपली आणि मला सिरसाळ्यातले ते घर आठवले. तुलाही आठवत असेल. तू चौदा वर्षांची होतीस, सुट्टीत माझ्याबरोबर दुरुस्तीच्या कामांना येऊ लागली होतीस. मी बाहेरच्या यंत्रावर काम करत होतो, तू आत होतीस. मागच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी पाणी मागितले. घरात कोणी ऐकत नव्हते म्हणून तू स्वयंपाकघरात जाऊन तांब्या भरून आणलास आणि त्यांना पाजलेस. घरमालक मला म्हणाला, "मास्तर, तुमची पोरगी लोकाच्या घरात फिरती, सगळ्या खोल्यात बघती. हे बरं न्हाई." आपल्या समाजातले सिद्धाराम काका तिथेच बसलेले होते. त्यांनी वर जोडले, "वयात आलेली पोर लोकाच्या बेडरूममधी नेता, मग असंच व्हनार की."

घरी येऊन मी तुला एक महिना कामाला नेले नाही. त्यानंतर नेले ते एका अटीवर, आणि ती अट मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे: माझी मुलगी परक्या घरात यंत्राशिवाय कशाकडेही पाहत नाही. पलंगाकडे नाही, कपाटाकडे नाही, माणसांकडे नाही. प्रत्येक घरातून बाहेर पडल्यावर मी तुझी परीक्षा घेत असे. भिंतीचा रंग कोणता होता? तू म्हणायचीस, माहीत नाही अप्पा. मी म्हणायचो, शाब्बास.

पुढे तू माझ्याच वर्गात हा अभ्यासक्रम केलास. सगळ्या मुलांना मी सांगत असे, आधी दार बघा, मग यंत्र. दाराच्या पलीकडे बघा, असे मी कधीच सांगितले नाही. त्या केबिनमध्ये तू पडदा बाजूला केला नाहीस, कारण तो पडदा परक्याचा होता. तू विसरली नाहीस. तू निष्काळजी नव्हतीस. तुला शिकवले होते ते तू पूर्ण केलेस.

म्हणून उद्या खरे सांग. मूठ तू खाली केलीस, हे सांग. मात्र न पाहण्याची सवय कुठून आली, तेही सांग. यासोबत माझे निवेदन जोडले आहे. सही आहे, आयटीआयचा निवृत्त निदेशक म्हणून हुद्दा आहे, आधार क्रमांक आहे. इंग्रजीत आहे, दोनदा तपासले आहे. ते चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेव. त्यांनी फोन केला तर मी कोणत्याही वेळी उत्तर देईन.

आजींसाठी आईने वैजनाथाला अभिषेक सांगितला आहे. त्यांचे नाव ठाऊक नाही म्हणून गुरुजींनी नुसते 'एक माता' म्हटले.

ता. क. वरची पाने पाठवून चार तास झाले. एकच खूण दिसते आहे, तीही करडी. आई दर थोड्या वेळाने फोन उचलून बघते आणि पालथा ठेवते. कंपनीच्या मुंबईतल्या एजंटला सात वेळा फोन केला. आठव्यांदा एका मुलीने उचलला आणि नम्रपणे सांगितले की जहाजाच्या अंतर्गत बाबींविषयी कुटुंबीयांना माहिती देता येत नाही. मी म्हणालो, मला माहिती नको, मला माहिती द्यायची आहे. तिने थांबायला सांगितले. फोनवर संगीत वाजत राहिले आणि मग तेही थांबले.

अप्पा


सिरसाळा, शनिवार, ३१ मे

रुद्राणी,

हे पत्र तुला कधी मिळेल, ते मला माहीत नाही. गुरुवारच्या पानांपुढची खूण अजूनही करडीच आहे. बुधवारीच तुझा फोन काढून घेतला होता, हे काल कळले. म्हणजे आपोआप पडणाऱ्या मुठीची दोन्ही पत्रे तुझ्यापर्यंत पोहोचली आणि खरे पत्र पोहोचले नाही.

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी आईच्या शेजारीच बसलो होतो. कोणा अधिकाऱ्याच्या फोनवरून दहा मिनिटे मिळाली आहेत, असे तू म्हणालीस. आईने फोनचा आवाज मोठा केला. मी श्वास घेतल्याचेही तुला कळू नये, अशा बेताने बसलो होतो.

आजी गुरुवारी गेल्या, हे तू पहिल्याच वाक्यात सांगितलेस. त्यांचे नाव इरीनी होते, हेही सांगितलेस. आई रडू लागली. तू रडली नाहीस. चौकशी वीस मिनिटांत संपली, असे म्हणालीस. मूठ कोणी खाली केली, या प्रश्नाला तू पहिल्याच झटक्यात उत्तर दिलेस. मग आईने विचारले, "आनि मंग काय इचारलं गं?"

तू म्हणालीस, "विचारलं, बाल्कनीत कुणी आहे का ते बघायचं असतं, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं का?"

"मंग?"

"मी म्हणाले, शिकवलं होतं. वडिलांनीच शिकवलं होतं. माझंच चुकलं."

मी उठून उभा राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही. रात्र जागून निवेदनातली जी वाक्ये जुळवली होती, ती सगळी माझ्या खिशात होती आणि ती कोणालाही नको होती. आता काहीही पाठवले तरी तुझेच बोलणे खोटे ठरेल. तू नोंदीत जे लिहून दिलेस, त्यावर तुझी सही झालेली आहे. मला तिथे जागाच उरलेली नाही.

आज शनिवार. आज जहाज त्या बंदराला लागेल आणि तुला खाली उतरवतील. वकील मिळेल असे तू म्हणालीस. मी सकाळी बीडच्या एका वकिलाला भेटून आलो. भला माणूस आहे. त्याने सगळे ऐकून घेतले, चहा पाजला आणि म्हणाला, "सर, तालुक्याचं असतं, जिल्ह्याचं असतं तर मी आत्ता उठलो असतो." पासपोर्टसाठी अर्ज भरला आहे. माझ्याजवळ पासपोर्ट नाही. तुझ्या वेळी तो कशाला हवा, असे मीच विचारले होते.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. दोन मिनिटे उरली असताना तू आईला म्हणालीस, "अप्पा आहेत का जवळ? दे त्यांना."

मी फोन घेतला. दोन वर्षांत काय काय बोलायचे, याची मी अनेकदा उजळणी केली होती. तू म्हणालीस, "अप्पा, मला खालच्या एका केबिनमध्ये ठेवलंय. खिडकी नाही. छताच्या जाळीतनं सारखी गार हवा येते. लई थंडी वाजती. काय करू?"

आणि मी समजावू लागलो. जाळीच्या मध्यभागी हवा कमी करायची फिरकी आहे का ते आधी पाहा, असे म्हणालो. तू नाही म्हणालीस. मग चादर घडी करून जाळीच्या तुझ्याकडच्या निम्म्या भागावर अडकव, म्हणालो. पूर्ण झाकू नकोस, कारण खिडकी नसलेल्या केबिनीत श्वासाची हवाही तिथूनच येते. डोके पायथ्याकडे करून झोप. गार हवा जड असते, ती खाली साचते, म्हणून जमिनीवर बसू नकोस. ओला टॉवेल खोलीत वाळत घालू नकोस. तू प्रत्येक सूचनेला "हं" म्हणत होतीस. शेवटी "बरं अप्पा" म्हणालीस आणि मागून कोणीतरी बोलल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दोन मिनिटे मी उत्तम शिकवले. मला तसे वाटलेही.

आई डोळे पुसत माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तिला ठाऊक न्हाई व्हय ओ हे? रोजचं कामच हाय तिचं."

तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या जाळ्या तू दोन वर्षे रोज उघडत आणि बसवत होतीस. तुला माझ्याहून अधिक माहीत होते, आणि तरी तू शेवटपर्यंत ऐकून घेतलेस.

त्या केबिनीचे दार आतून उघडते का, हे मी विचारले नाही.

अप्पा